जुनी पिकअप खाली केली, म्हणजे तिची उंची कमी केली, आणि आता ठोके मारून राहिली? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे आपलीच भानगड आहे का ते कळेल.

- साध्या ब्रेकरवरसुद्धा मागून नाहीतर समोरून एकच कोरडा 'धाड' असा ठोका, झोका नाहीच, सरळ चेसिसमध्ये बसतो
- रिकामी गाडी भयंकर कडक लागते आणि चार पोते टाकले की पार बसून जाते
- एक बाजू खाली, बहुतेक वेळा ड्रायव्हरकडची
- निघताना किंवा पन्नास-साठच्या आसपास सीटखालून घरघर, अॅक्सिलरेटर सोडला की कमी होते
- समोरचे टायर आतल्या कडेने टकले, बाहेरून पाहिले तर नवेकोरे
- पूर्ण कट मारला की टायर आतमध्ये घासते, जळल्या रबराचा वास
- रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम, शेपूट फिरते

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं राहू द्या, सरळ ब्रेकवाला भाग वाचा आणि तोपर्यंत गाडी उभी ठेवा.

ठोक्याच्या आणि कडकपणाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे चाकाला वर जायला जागाच उरली नाही. लोकांना वाटते गाडी खाली करणं म्हणजे उंची कमी करणं, पण उंची कमी केली की हाउसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा अॅक्सल) आणि चेसिस यांच्यामधली जागा पण तेवढीच कमी होते, आणि धक्का पचवायचं सगळं काम त्या जागेतच होत असते. कंपनीने दिलेल्या जागेतून दोन इंच खाल्ले तर उरलेल्यात पाटे (मागची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) वाकायच्या आत चेसिसचं रबर बफर लागते आणि तोच तो 'धाड'. मग माणूस म्हणतो शॉकअप गेले, नवे टाकतो, तरी आवाज तसाच, मग म्हणतो पाटे कडक करा. पैसे चाललेच, जागा काही वाढली नाही.

आणि आपले रस्ते तर पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असा दिला आहे, म्हणजे हळूच चढ हळूच उतार. आपल्या गल्लीतला ब्रेकर कोणी स्वतःच्या हाताने घातला असेल तर त्याची रुंदी हातभर आणि उंची त्याच्या रागाइतकी. वरून सिमेंट रोड आणि बाजूच्या गट्टूच्या (पेव्हर ब्लॉकच्या) लेव्हलमधला फरक. आमच्या नागपुरात वर्धा रोडवर खाली केलेली गाडी मस्त चालते हो, कळमन्याच्या मार्केटला माल घेऊन जा मग समजते.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलून राहिलो तेही सांगतो. मागे पाटेवाल्या सगळ्या जुन्या पिकअप. समोर दोन प्रकार जास्त दिसतात. एक टोर्शन बारवाल्या, म्हणजे १९८८ च्या टाटा मोबाइलपासून पुढे त्या खानदानातल्या गाड्या, जिथे स्प्रिंगच्या जागी चेसिसच्या बाजूने एक लांब सळई जाते आणि ती पिळली जाते. दुसऱ्या कॉइल स्प्रिंगवाल्या. आपली कोणती ते खाली वाकून एकदा पाहून घ्या, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

फुकटातलं पहिलं: नेमकं काय केलं होतं?

गाडी तुम्हीच खाली केली असेल तर ठीक, पण जुनी गाडी घेतली असेल तर बहुतेक आधीच्या मालकाने उद्योग करून ठेवलेले असतात. मागे पाटा काढला, का पाटे ठोकून सरळ केले, का हाउसिंग आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक टाकला? समोर बारचा बोल्ट ढिला केला का कॉइल कापली? कॉइलवर निळसर-काळा डाग दिसला, म्हणजे गॅसने तापवून बसवली, तर पुढचं काहीच तपासू नका, ती स्प्रिंग भंगारात द्या. स्प्रिंगच्या लोखंडाला जे पाणी दिलेलं असते, म्हणजे तिचा ताठपणा, ते तापवल्यावर उतरते, मग ती रोज थोडी थोडी बसत जाते आणि एक दिवस मोडते. पाट्यांचं पण तेच, गॅस लावलेला पाटा ठेवायचा नाही.

टेप आणि सपाट जागा

ही पायरी लोकं सोडतात आणि मग महिनाभर डोक्शाला ताप करून घेतात. एका बाजूला झुकलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या झुकलेल्याच नसतात, घरासमोरची जागाच उताराची असते. पेट्रोल पंपावर मोजू नका, तिथे पाणी वाहून जायला मुद्दाम उतार देतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे धरमकाटा. तो प्लॅटफॉर्म लेव्हलमध्येच बसवलेला असतो, सकाळी गर्दी नसताना काटेवाल्याला विचारा, बहुतेक भाऊ म्हणून देतात दहा मिनिटं. 

मोजायचं कसं? जमिनीपासून फेंडर नाही, चाकाच्या मधोमध हबपासून वर फेंडरच्या काठापर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरची हवा आणि घासलेलं टायर त्याच्यात मिसळते. मोजायच्या आधी गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून सोडा, मग दोन-चार मीटर पुढे-मागे घ्या, काहून की जॅकवरून उतरवलेली गाडी जुन्या बुशांमुळे (सांध्यांतल्या रबरांमुळे) अडकून उंचच राहते आणि तुम्ही खोटा आकडा लिहिता. डिझेल किती आहे ते पण लिहा. चारी आकडे खडूने आतल्या फेंडरवर लिहून ठेवले तर उत्तम, वही हरवते.

डाव्या-उजव्यात सेंटीमीटरभर फरक जुन्या गाडीला मी सोडून देतो. दोनच्या वर गेला तर पुढे चला.

याच वेळी समोरच्या हबच्या मधापासून मागच्या हबच्या मधापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा, स्टिअरिंग सरळ ठेवून. एका बाजूला सेंटीमीटरच्या वर कमी आलं तर हाउसिंग सरकलेलं आहे. पावसात ओल्या सिमेंट रोडवर मागून कोणाला तरी टू-व्हीलरवर पाठवलं तर त्याला पण दिसते, मागच्या चाकांचे पट्टे समोरच्यांच्या बाजूने जातात, गाडी तिरकी पळते. याचं कारण पुढे पाट्यांत येईल.

टायर

हवा, साइझ, चारी सारखे आहेत का. बस. मात्र गाडी खाली केल्यावर शोभेसाठी रुंद टायर टाकले असतील तर घासायचं कारण तिथेच संपलं, बाकी शोधू नका.

रबर बफर: ओल्या मातीची टेस्ट

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात कामाची टेस्ट, आणि खर्च काहीच नाही. हाउसिंगच्या वर चेसिसला आणि समोर खालच्या आर्मजवळ (चाक चेसिसशी जोडणाऱ्या हाताजवळ) काळे रबराचे बफर असतात, चाक फार वर गेलं की त्यावर आदळते. आधी हे रबर आहेत का ते पाहा. आपल्या उन्हाळ्यात, पंचेचाळीसच्या वर पारा जाऊन राहिला की जुन्या रबराला भेगा पडतात, तुकडे पडतात, कितीतरी गाड्यांत नुसती लोखंडी वाटी उरलेली असते. अशा गाडीला जागा कितीही द्या, लोखंडावर लोखंड वाजणारच.

रबर असेल तर त्याच्या समोरच्या जागेवर, म्हणजे जिथे ते आदळते तिथे, कुंभाराच्या चिकणमातीचा नाहीतर पोरांच्या क्लेचा अंगठ्याएवढा गोळा चिकटवा. मग गाडी जशी रोज वापरता तशी एक चक्कर मारा, ते नेहमीचं ब्रेकर धरून. परत येऊन पाहा. गोळा तसाच आहे, तर ठोका बफरचा नाही, शॉकअप किंवा बुश शोधा. गोळा अर्धा दबला, तर जागा आहे पण काठावर आहे. पार चपटा होऊन कडेला पसरला आणि त्यावर रबराचा ठसा उमटला, तर निदान झालं, गाडी रबरावरच चालून राहिली आहे आणि स्प्रिंग नावालाच आहे.

मग उपाय काय? दोनच प्रामाणिक उपाय आहेत, गाडी थोडी परत वर घ्या, नाहीतर बुटका बफर लावा. दुसरा उपाय नुसता रबर कापून करायचा नाही, काहून की ते रबर तिथे टायर फेंडरला आणि हाउसिंग चेसिसला लागू नये म्हणून आहे. बुटका बफर लावायचा तर आधी हाउसिंग जॅकने पूर्ण वर नेऊन पाहा टायर, ब्रेक पाइप, सायलेन्सर कुठे लागते का. माझा हिशोब, नागपुरात रोज वापरायची गाडी असेल तर दीड इंचापेक्षा जास्त खाली करायचीच नाही, माल भरायचा असेल तर तेवढं पण नाही. दोन-तीन इंचाचे फोटो छान दिसतात, त्या गाड्या ट्रेलरवर येतात.

शॉकअप

कंपनीचे लांब शॉकअप खाली केलेल्या गाडीत आधीच अर्धे आत दबलेले असतात. खड्ड्यात ते रबराच्या आधीच आतून तळाला लागतात, आणि आवाज अगदी बफरसारखाच येतो, म्हणून आधी माती आणि मग हे. दांडा उघडा दिसत असेल तर त्याला बारीक रबरबँड नाहीतर झिप टाय बांधा, खाली बॉडीला टेकवून, आणि चक्कर मारा. टाय वर सरकून दांड्याच्या शेवटापर्यंत गेला तर शॉकअप पूर्ण दबला. वर पत्र्याचं कव्हर असेल तर ही टेस्ट होत नाही, मग एक बाजूचा शॉकअप सोडून हाताने पूर्ण दाबून लांबी मोजा आणि गाडी बफरवर असतानाच्या दोन नटांमधल्या अंतराशी ताडून पाहा. शॉकअपची लांबी त्यापेक्षा जास्त असेल तर तो लांब आहे, नवा तसाच आणून काही उपयोग नाही, छोटा लागेल. तेल गळून राहिलं असेल तर ते वेगळं, बदलाच.

मागचे पाटे, इथे वेळ द्या

समोरच्या चाकांना मागे-पुढे दगड, गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी लोकं जातात.

पहिले पाटे हाउसिंगच्या वरून जातात का खालून ते पाहा. आपल्याकडच्या बहुतेक माल वाहायच्या पिकअपमध्ये पाटे हाउसिंगच्या वर असतात. अशा गाडीत मध्ये ब्लॉक टाकला तर गाडी खाली नाही, वर जाते! ब्लॉकने खाली करायची आयडिया पाटे खाली असलेल्या गाड्यांची आहे. बाहेरचे व्हिडिओ पाहून कोणीतरी ब्लॉक बनवून आणते आणि मग उंची भरून काढायला पाटे काढते, आणि आता गाडीत ब्लॉक पण आहे आणि पाटे पण कमी. असं दिसलं तर ब्लॉक बाहेर, पाटे परत.

मग एकेक पाटा बोटाने आणि टॉर्चने. तुटलेला पाटा बरेचदा क्लिपच्या आत किंवा मधल्या बोल्टजवळ असतो आणि चिखलाखाली दिसतच नाही, तारेच्या ब्रशने साफ करा, गंजाची आडवी लालसर रेघ दिसली की तिथे तडा. एक बाजू खाली असायचं हे सगळ्यात साधं कारण.

सेंटर बोल्ट. पाटे एकत्र धरणारा, आणि त्याचं डोकं हाउसिंगच्या भोकात बसते. पाटा काढून जुनाच लांब बोल्ट ठेवला किंवा पाटे हाउसिंगला आवळणारे यू बोल्ट ढिले राहिले की हा बोल्ट कापला जातो, आणि हाउसिंग मागे सरकते, ती तिरकी गाडी इथूनच येते. यू बोल्ट एकदा ताणले की परत तेच वापरायचे नाही, नवे टाका, आणि पाना कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर, हातात पाइप लावून अंदाजाने नाही.

शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला धरणारी हलती कडी. पाटा सरळ झाला की त्याची लांबी वाढते, ती लांबी शॅकल मागे ढकलून घेते. पाटे जास्त सरळ केले असतील तर शॅकल मागे झोपून चेसिसला टेकतो, आणि पाट्याला वाकायला जागाच नाही. गाडी कडक लागते आणि बफरची माती मात्र साबूत, हे जोडीने दिसलं तर शॅकलच पाहा. बुश दाबले गेले असतील तर सब्बल घालून हलवून पाहा, लचक दिसली की बदला, ते स्वस्त आहेत.

कोणता पाटा काढला ते पण महत्त्वाचं. खालचा जाड सरळ हेल्पर पाटा काढून गाडी फार काही खाली होत नाही, रिकाम्या गाडीत तो काम करतच नसतो, फक्त त्याच्या जाडीएवढा फरक पडतो. पण माल भरला की तोच उभा राहतो. आणि मेन पाट्याच्या खालचा दुसरा, ज्याचं टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती (टोकाच्या गोल वळणाभोवती) वळलेलं असते, तो काढला असेल तर परत टाका, मेन पाटा तुटला तर हाउसिंग धरून ठेवायला तोच असतो.

पाटे उघडायचे असतील तर घरी नाही. सेंटर बोल्ट सोडला की दबलेले पाटे उडतात, दात जातात. चांगला कमानीवाला बघा जो पाटे थंड दाबून किंवा ठोकून आकार देतो, आणि दोन्ही बाजू जोडीनेच करून घ्या. तो गॅस पेटवून राहिला तर गाडी घेऊन निघा.

समोर

टोर्शन बारवाली गाडी असेल तर बारच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, तो ढिला केला की गाडी खाली. बार ढिला करून त्याचा कडकपणा बदलत नाही, हे समजून घ्या. उंची तेवढी बदलते आणि आर्म बफरजवळ येतो. म्हणून बार सोडून खाली केलेल्या गाड्या मातीच्या टेस्टमध्ये समोर हमखास नापास होतात. दोन्ही बाजूंचे आटे सारखे दिसतात म्हणून उंची सारखी असं नसते, जुना बार एका बाजूला जास्त थकलेला असतो, तुम्ही आटे नाही, हब ते फेंडर मोजा. बोल्ट फिरवायच्या आधी खुणा करा, समोरची चाकं हवेत घ्या म्हणजे बोल्टवर जोर कमी येतो, एकेक फेरी फिरवा, खाली उतरवा, दाबा, हलवा, मोजा. बार काढू नका. पिळ असलेला बार सोडायचं काम अनुभवी माणसाचं आणि डावा-उजवा बार आपसात बदलायचा नसतो.

कॉइल कापलेली असेल तर टोक वाटीच्या खाचेत नीट बसलं आहे का, आणि चाक हवेत लटकवल्यावर स्प्रिंग हाताने हलते का, हे दोन पाहा. हलली तर मोठ्या खड्ड्यात ती जागेवरून निसटू शकते, गाडी बंद करा. अजून एक, कापलेली स्प्रिंग कडक होते, काहून की काम करणारे वेढे कमी झाले, आणि आर्मच्या हिशोबाने स्प्रिंग जेवढी कापता त्यापेक्षा चाकाला गाडी जास्त खाली येते, म्हणून 'एकच वेढा कापला' म्हणणारे तोंडावर पडतात. परत जोडायचा काही उपाय नाही, वेल्डिंग तर नाहीच नाही.

उंची पक्की झाली की मग अलाइनमेंट. आधी नाही. खाली आलेल्या समोरच्या भागात चाकं वरून आत झुकतात (हा कॅम्बर) आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं, पण बदलतो, टायर आतून जातात ते याचमुळे. अलाइनमेंटवाल्याने 'कॅम्बर अॅडजस्ट होत नाही' म्हटलं तर तो बरोबर असेल, उंची थोडी वाढवून परत जा.

घरघर

ही शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत फिरणाऱ्या दांड्याची. हाउसिंगची जागा बदलली की शाफ्टच्या दोन टोकांचे कोन बिघडतात. फोनमधलं कोन मोजायचं अॅप घेऊन गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा आणि हाउसिंगच्या तोंडाचा कोन घ्या, एकाच तुकड्याच्या शाफ्टमध्ये दोन्ही साधारण समांतर असावेत. फरक असेल तर पाट्याखाली लोखंडी पाचर टाकून सुधारते, पण आधी क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याला) हात लावून ढिलाई पाहा, जुन्या गाडीत अर्ध्या वेळा क्रॉसच गेलेला असतो. मधे बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर कोनाचं काम शाफ्टवाल्याकडे द्या.

ब्रेक: इथे हात लावायचा नाही

मागच्या हाउसिंगपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारा बारीक रॉड किंवा स्प्रिंग दिसली तर तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरून गाडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो, रिकामी असली की कमी. आता तुम्ही गाडी कायमची खाली केली, त्या व्हॉल्व्हला वाटते कायम माल भरला आहे. रिकामी गाडी, ओला रस्ता, ब्रेक, आणि शेपूट समोर. सगळ्या जुन्या गाड्यांत हा नसतो, पण असेल तर नवीन उंचीप्रमाणे ब्रेकवाल्याकडून सेट करून घ्या. हा रॉड वाकवून किंवा तारेने बांधून ठेवलेल्या गाड्या पाहिल्या आहेत, लोकांचं काय सांगावं.

याशिवाय चेसिसला तडा दिसला, हाउसिंगवर पाट्याची बैठक वेल्डिंगने बदललेली असली, किंवा पाटे वरून खाली घ्यायचा विचार असला तरी थांबा, चांगल्या गॅरेजचं काम आहे.

आरटीओचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ म्हणते आरसीवरच्या तपशिलाशी मेळ राहणार नाही असा बदल करायचा नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच ठासून सांगितलं, आणि कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. एमएच ३१ असो, ४० असो का ४९, माल वाहायची गाडी आठ वर्षांच्या वर गेली की दरवर्षी फिटनेसला न्यावीच लागते, तिथे काढलेले पाटे दिसतात. म्हणून कंपनीचे काढलेले पाटे, बफर, बोल्ट कधी भंगारात देऊ नका, गोणीत भरून ठेवा.

काम झाल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइट सेट करा. समोर जास्त खाली झाली तर लाइट पायाशी पडतो, मागे जास्त बसली तर समोरच्याच्या डोळ्यात. आणि दोनशे-तीनशे किलोमीटर चालली की यू बोल्टवर परत पाना लावा, नव्या पाट्यांमधला रंग आणि गंज दबतो आणि नट ढिले होतात, आवळलेले असले तरी.